पिवळं पत्रक आणि डाव्या दाराची काच

अन्याय झाला तो अकोल्यातल्या एका फिल्मवाल्यावर. गेल्या तान्ह्या पोळ्याला, सकाळी साडेअकरा वाजता, त्याच्याच दुकानाच्या पायरीसमोर. करणारी मी. हे आधीच सांगते, कारण पत्रक लिहायला शिकताना आम्हाला पहिली गोष्ट हीच शिकवली होती: अन्याय कुणावर झाला आणि नेमका कधी, ते पहिल्या ओळीत आलं पाहिजे. त्या दिवशी मी वाटलेल्या पत्रकातही ती ओळ होती. फक्त ती खोटी होती.

फिल्मवाला म्हणजे गाडीच्या काचांना उन्हाची फिल्म चिकटवून देणारा. आमच्या मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन अकोल्यात झालं होतं. तपासणीसाठी मामा तिला अमरावतीहून गाडीने न्यायचा आणि वाटेतलं ऊन तिला सोसत नसे. म्हणून मामाने त्याच्याकडून चारही काचांना, नियमात बसेल तेवढीच फिकी, फिल्म लावून घेतली. काम सुबक झालं. कडेला एक बुडबुडा नाही. परत येताना मामीने काळा चष्मा काढला आणि म्हणाली, "आता बरं वाटून राह्यलं."

महिनाभरात पुढच्या डाव्या काचेवर ओरखडे उमटले. वरपासून खालपर्यंत तीन उभ्या रेघा, पट्टी धरून आखल्यासारख्या. बटन दाबलं की काच चढताना कर्र करायची. ऊन तिरपं झालं की त्या रेघा चमकत आणि मामी पुन्हा चष्मा शोधू लागे.

मामा म्हणाला, "जाऊन दाखवू त्याले एकदा."

मला दाखवणं-बिखवणं मान्य नव्हतं. बसस्थानकांवर पिण्याच्या पाण्याचे नळ हवेत म्हणून आमची मोहीम चालू होती. मामाच्याच गाडीतून मी अकोट, बाळापूर करत होते, खिडकीतूनच पत्रकं देत होते. त्या मोहिमेचा पिवळा कागद उरला होता. दोन दिवसांत मी पत्रक काढलं: डोळ्यांच्या रुग्णाला फसवलं! खाली दुकानाचं नाव, मालकाचं नाव, गल्ली, पत्ता. सगळं ठळक.

तान्ह्या पोळ्याला गल्लीत लेकरं लाकडी बैल ओढत फिरत होती आणि मी पायरीसमोर उभी राहून पत्रकं वाटत होते. दुकानात एक शाळेचा माणूस आला होता. त्यांच्या तीन व्हॅनना फिल्म लावायची होती, दुपारी सुटणारी पोरं उन्हात भाजतात म्हणून. त्याने पत्रक घेतलं, चष्मा लावला आणि सगळं वाचलं.

"हे खरं हाये का?" त्याने फिल्मवाल्याला विचारलं.

फिल्मवाला हात पुसत पायरी उतरून आला. माझ्यावर ओरडला नाही. "ताई, दार खोलून पाह्यलं का कोनी?"

"दारात काय पाहायचंय? फिल्म तुमची आहे."

"फिल्म माही हाये. दार माहं नाही."

शाळेच्या माणसाने पत्रकाची घडी खिशात घातली. "पाहू मंग," म्हणाला आणि निघून गेला. आत टेबलावर त्या व्हॅनच्या मापाने कापलेली फिल्म तशीच पसरलेली होती. मला ती दिसली. तरीही त्या क्षणी मला वाटलं, एक गिऱ्हाईक वाचवलं.

त्यानंतर चारच दिवसांत मामाच्या गाडीची ती काच अर्ध्यावर अडकली. अमरावतीत एक मिस्त्री आहे, तो फक्त गाड्यांची दारं आणि कुलपं बघतो. त्याने आधी बाकीच्या तीन काचांवरून नख फिरवलं.

"या साफ हायेत. फिल्म खराब असती त चारीवर रेघा पडत्या," तो म्हणाला. "इकडं कोन बसते?"

मामाने माझ्याकडे बोट दाखवलं.

मिस्त्रीने हँडलमागचे स्क्रू काढले, दाराचं आतलं आवरण ओढलं, क्लिपा टकटक सुटल्या. काचेला आतून घासून पुसणारी एक मऊ पट्टी असते, ती त्याने उपसून उजेडात धरली. पट्टीत काळ्या मातीची धूळ, सरकीचा कापूस आणि स्टेपलच्या तीन पिना रुतून बसल्या होत्या. एका पिनेला पिवळ्या कागदाचा टवका.

"हे कोनाचं?"

मामाने तो टवका हातात घेतला. "आमच्या पुढारीन बाईचं. काहून वं पोरी, तुह्या मोर्चाले मुक्कामाले माहंच दार सापडलं का?"

मिस्त्री हसला. मी हसले नाही. सगळं समोर होतं. पाण्याची पत्रकं हाताशी राहावीत म्हणून काच आणि पट्टीच्या फटीत दहा-बारा खोचून ठेवायची, स्थानक आलं की एक उपसायचं, बटन दाबायचं, हात बाहेर. चार पानी पत्रक, प्रत्येकाला एक पिन. घाईत उपसलं की एखादी पिन मागे राहायची आणि काचेबरोबर वर-खाली घासत बसायची. फटीतल्या कागदांनी काचही तिरकी ढकलली होती.

मिस्त्रीने काच सरकते त्या खाचा ब्रशने झाडल्या, साबणाच्या पाण्याने पुसून कोरड्या केल्या, काच सरळ करून बोल्ट कसले, नवी पट्टी बसवली. "तेल नका टाकू कधी. तेलावर माती बसते आन् तीच काच घासते. थोडा सिलिकॉनचा फवारा बास." काच आवाज न करता वर गेली. रेघा मात्र तशाच.

त्या काढायला अकोल्यालाच जावं लागलं. फिल्मवाल्याने गरम हवा देत जुनी फिल्म सोलली आणि खालच्या काचेवर अंगठा फिरवला. "काच वाचली. फिल्मनं झेललं." मामी बाकावर बसून बघत होती. मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं."

त्याने मान वर केली नाही. "ताई, वाटताना रस्त्यावर वाटलं. माफी मात्र दुकानाच्या आत?"

टेबलाखाली व्हॅनची ती कापलेली फिल्म वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती. दुसऱ्या गाडीला ती बसत नाही. मी शाळेच्या माणसाकडे गेले, पिना दाखवल्या. तो म्हणाला, "तुमचं म्हननं ठीक हाये. पन गावात जे बोलून राह्यले ते मी कसं पुसू?" मी दुसरं पत्रक काढलं, त्याच पायरीसमोर वाटलं. लोकांनी घेतलं आणि पुढच्या वळणावर टाकलं. चूक कबूल करणारं पत्रक कुणी जपून घरी नेत नाही. पहिलं मात्र लोकांच्या घरी आहे, मी पाहिलंय, एका ठिकाणी फळीवर अंथरलेलं.

त्या माणसाचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा छापलं तेवढं पुरे. पण तुम्ही अकोल्याचे किंवा आसपासचे असाल तर घरात ते पिवळं पत्रक शोधा. त्यातला मजकूर खोटा आहे, पत्ता खरा आहे. त्या पत्त्यावर जा. गाडी असेल तर काम त्याला द्या. नसेल तर तुमचं लेकरू ज्या व्हॅनमध्ये बसतं, तिच्या मालकाला घेऊन जा. आणि ते पत्रक सोबत न्या, त्याच्या हातात परत द्या.