आपोआप वर येणारा कीबोर्ड

मी अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवते. काही वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका डायलिसिस केंद्रासाठी नाव नोंदवायचं पान केलं. पान उघडलं की कर्सर आपसूक नावाच्या चौकटीत जावा, पेशंटचा एक टॅप वाचावा, ही कल्पना माझीच. शेजारी बसणारा सहकारी म्हणाला, "फोनवर बघून घे ना एकदा. काही फोनवर कीबोर्ड आपोआप वर येतो आणि पान सरकतं."

लॅपटॉपवर झकास चालत होतं. "बघते रे नंतर," म्हटलं, आणि राहून गेलं.

माझी आत्या विक्रोळीला राहते. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, डायलिसिस त्याच केंद्रात असायचं. एका शनिवारी तिने नेहमीसारखं फोनवर नाव घातलं आणि त्यांना रिक्षाने मुलुंडला नेलं. शटर बंद. यंत्रांची दुरुस्ती चालू होती. दुसरीकडे जागा मिळाली नाही. रविवारी काकांना धाप लागली, आयसीयूत ठेवावं लागलं.

मी हॉस्पिटलात गेले तेव्हा आत्या बाहेरच्या बाकावर बसली होती. "बंद असल्याचं कुठे लिहिलंच नव्हतं गं. हे बघ."

तिने पान उघडलं. कीबोर्ड वर आला, नावाची चौकट मधोमध आली, आणि चौकटीच्या वरची लाल अक्षरांतली सूचना स्क्रीनबाहेर गेली. मी बोटाने पान खाली ओढलं. सूचना तिथेच होती.

"हे होतं इथे?" तिने विचारलं.

"होतं. कीबोर्ड आल्यामुळे पान वर सरकलं."

"पण मी तर कुठे हातच लावला नव्हता."

पान कोणी बनवलंय हे तिला ठाऊक नव्हतं. सोमवारी मी कर्सर आपसूक चौकटीत नेणारा कोडमधला एक शब्द काढून टाकला. काम मिनिटभराचं होतं.

काका घरी आले, पण पहिल्यासारखे झाले नाहीत. आठ महिन्यांनी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं. मी पुढे काही विचारलं नाही. अजूनही कुठल्या फोनवर न बोलावता कीबोर्ड वर आला, की मी आधी पान खाली ओढून बघते.

तेराव्यानंतर सगळं सांगायचं ठरवून मी आत्याकडे गेले. ती चष्मा पुसत होती. "नंबर वाढलाय वाटतं माझा," ती म्हणाली. "त्या शनिवारीसुद्धा मलाच दिसलं नाही."

मी तिच्यासोबत चष्म्याच्या दुकानात गेले.