कच्चा टाका

माझ्या वहिनीच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. पक्की शिलाई आणि कच्चा टाका.

आमचं शिवणाचं दुकान आहे, म्हणून हे शब्द. कोट शिवताना आधी पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालून बाह्या, पाठ, कॉलर नुसती धरून ठेवतात. गिऱ्हाईक येऊन ट्रायल देतं, काय घट्ट, काय सैल ते कळतं, मग मशीनची शिलाई पडते आणि तो पांढरा दोरा ओढून खाली टाकून देतात. संध्याकाळी केराबरोबर जातो. तो कच्चा टाका. दादा, म्हणजे माझा भाऊ, कटिंग करतो, वहिनी मशीनवर बसते आणि मी काज-बटणं करते. माझं लग्न झालं नाही, म्हणून वहिनी मला ‘कात्रण’ म्हणते. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा म्हणते. ‘कात्रण, जरा बॉबिन दे गं.’ कापून उरलेला, कशालाच न पुरणारा तुकडा. लोक हसतात आणि मी बॉबिन देते.

वहिनीचं वय पन्नाशीला टेकलेलं, आणि जीव अडकला होता तो शाळकरी पोरांच्या एका मालिकेत. दुकानाच्या कोपऱ्यात ट्रायलसाठी आडोशाचा पडदा आहे, त्याच्या वरच्या बाजूला भिंतीला छोटा टीव्ही लावलाय. त्यावर ती रोज चालायची, आणि जुने भाग मोबाईलवर दिवसभर. त्यात एक मुलगी होती, नाकाच्या शेंड्यावर राग. वहिनीने तिचं नाव नकचढी ठेवलं. तिच्यामागे दोन मुलं. एक गाडी उडवत यायचा, सगळ्या वर्गासमोर तिचा अपमान करायचा आणि मग पावसात उभा राहायचा. तो फटफटी. दुसरा शेजारी राहायचा, तिचं दप्तर धरायचा, तिचा पाय मुरगळला तर डॉक्टरकडे न्यायचा. त्याला वहिनी नुसतं ‘शेजारचा’ म्हणायची, तेही तोंड वाकडं करून.

फटफटी पक्की शिलाई, शेजारचा कच्चा टाका. यावर वहिनीशी वाद घालायची कोणाची टाप नव्हती. ‘भांडतात बघ कसे,’ ती सुई तोंडात धरून म्हणायची. ‘जिथे भांडण नाही तिथे काही नाही. आणि हा शेजारचा! एवढा चांगला कोणी असतो का? ह्याला मधले भाग भरायला ठेवलाय. खरा आला की ओढून फेकून देतील.’ बाकीच्या जोड्यांवरही तिची मतं तयार असायची. हेडमास्तरांचा मुलगा आणि कॅन्टीनमधली मुलगी चारदा तुटले, चारदा जुळले, म्हणून ते उसवून शिवलेले, अशी शिलाई जास्त टिकते म्हणे. पहिल्या बाकावरचे दोघं एकत्र अभ्यास करायचे, ते अस्तर, आतून बरं, पण दाखवण्यासारखं नाही. मोबाईलवर तिच्यासारख्या बायकांचा एक ग्रुप होता. त्यात कोणी शेजारच्याची बाजू घेतली, की वहिनी मशीन थांबवून तिला आवाजी निरोप पाठवायची. एका बाईला तिने ऐकवलं होतं, ‘तुम्हाला शेजारचा आवडतो ना, मग तुमच्या नवऱ्याने तुमच्याकडे कधी धड बघितलेलं नसणार.’ त्या बाईने ग्रुप सोडला. त्या दिवशी वहिनीने खुशीत येऊन सगळ्यांना चहा पाजला.

स्वतःच्या लग्नाबद्दल तिला फारसं बोलायला आवडत नसे. ‘आमच्यात काय एपिसोड होणार?’ म्हणायची. ‘जॅकेट शिवायला टाकलं, ह्यांनी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापून ठेवल्या. परत शिवून देतो म्हणाले, पुन्हा पुन्हा बोलावलं, आणि शेवटी घरी विचारायला आले. माठ माणूस.’ दादा खडूने रेघ मारत असायचा, मान वर करायचा नाही. दादा वहिनीला कधी उलटून बोलला नाही, आणि तेच वहिनीला खुपायचं.

तिच्या लेकीला, माझ्या भाचीला, आम्ही चिमणी म्हणतो. ती एका औषधांच्या दुकानात कामाला आहे. लहानपणापासून आईच्या मशीनशेजारी बसून गृहपाठ केलेला, त्यामुळे आईची सगळी शास्त्रं तिला पाठ. कोणाचं लग्न ठरलं की दोघी एकमेकींकडे बघून आवाज न काढता नुसत्या ओठांनी ‘कच्चा’ म्हणायच्या आणि फिदीफिदी हसायच्या.

मग चिमणीने स्वतःचंच एक स्थळ आणलं. पलीकडच्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान आहे, तिथे काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा मुलगा. शांत, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचा, धंद्याची सवय. चिमणीला औषधांच्या बारीक अक्षरांनी डोकं दुखायचं, तिच्यासाठी त्याने चष्मा केला आणि तो नाकावर रुतू नये म्हणून कितीदा तरी वाकवून, सरळ करून दिला. आवाज चढवायचा नाही. चिमणीने उशीर केला तर उभा राहायचा आणि आली की हसायचा. मला तो पहिल्या दिवशीच आवडला. वहिनीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाली, ‘शेजारचाच आहे गं हा.’

चिमणीने हट्टच धरला. लग्न साधंच, नोंदणी करून करायचं ठरलं. मुलाला मालकाच्या दुसऱ्या गावातल्या नव्या शाखेवर बोलावणं आलं होतं, जायचं की नाही ते तो लग्नावरून ठरवणार होता. दादा म्हणाला, जावयाचा कोट मी शिवणार. चांगलं कापड काढलं आणि स्वतः माप घेतलं. माप घेताना दादा कोणाशी बोलत नाही, पण त्या मुलाशी बोलला. पुढचं सगळं त्या कोटाच्या ट्रायलला झालं.

तो दुपारी आला. चिमणी सुट्टी काढून आली होती, आईच्या मशीनला टेकून उभी. कोट अंगात चढवून तो आरशासमोर उभा राहिला. बाह्यांवर, खांद्यांवर पांढरा दोरा दिसत होता. त्याला वाटलं तो तसाच राहणार आहे, म्हणून हळूच विचारलं, ‘काकू, हे पांढरं दिसेल का?’

वहिनी उठली. मला तिचं उठणं ओळखीचं होतं.

‘नाही रे बाबा,’ ती म्हणाली. ‘ह्याला कच्चा टाका म्हणतात. खरी शिलाई येईपर्यंत नुसतं धरून ठेवायला. काही माणसंही अशीच असतात. मुलीच्या आयुष्यात येतात, दप्तर धरतात, औषधपाणी बघतात. त्यांना वाटतं आपण कायमचे. मग खरा येतो.’ तिने त्याच्या खांद्यापाशी दोऱ्याचं टोक शोधलं, चिमटीत धरलं आणि ओढलं. दोरा सरसर निघाला. बाही सुटली आणि तिच्या हातात आली. ‘बघ. आवाजसुद्धा होत नाही.’

मुलगा एका बाहीचा कोट घालून आरशासमोर उभा.

आणि चिमणी हसली. मनापासून नव्हे, घाबरून हसली असेल, सवयीने हसली असेल. आयुष्यभर आईच्या ह्याच बोलण्यावर ती हसत आली होती. पण हसली. लगेच तोंडावर हात ठेवला, तोवर त्याने आरशातून बघितलं होतं.

‘तुलाही तसंच वाटतं का?’ त्याने विचारलं.

चिमणीने आधी आईकडे बघितलं. फक्त बघितलं. त्याला तेवढं पुरलं. त्याने कोट काढला, नीट घडी घातली, वहिनीच्या हातातली बाही मागून घेतली, तीही घडीवर ठेवली आणि सगळं दादासमोर कटिंगच्या टेबलावर ठेवलं. ‘काका, राहू द्या,’ म्हणाला आणि गेला. दादा कात्री हातात धरून तसाच उभा होता. त्याने त्या मुलाला हाक मारायला हवी होती. त्याला हाका मारता येत नाहीत.

‘बघितलंस?’ वहिनी म्हणाली. ‘पक्का असता तर भांडला असता.’

मी चिमणीला म्हटलं, ‘जा त्याच्या मागे. पळ.’ तर ही पोर मला काय म्हणते? ‘थांब ना आत्या. येईल तो. चिडून येईल, भांडेल माझ्याशी.’ तिचे डोळे चमकत होते. तिच्या मनात मालिका सुरू झाली होती. इतके दिवस शेजारच्यासारखा वागणारा आता फटफटी होऊन दारात उभा राहणार, ओरडणार, आणि मग सगळं पक्कं होणार. ती रोज केस नीट बांधून दुकानात बसायला लागली. फोन तिने केला नाही. आधी फोन केला तर त्याला भांडायला काय उरणार, असं तिचं म्हणणं. मी डोकं फोडून घ्यायची बाकी होते. वहिनी मात्र लेकीला शाबासकी देत होती.

तो आला नाही. एक निरोप तेवढा आला. ‘मला भांडता येत नाही. सुखी राहा.’ चिमणी तो निरोप वाचूनही आणखी थोडे दिवस थांबली, कारण मालिकेत असा निरोप आल्यावरच माणूस परत येतो. शेवटी ती चष्म्याच्या दुकानात गेली, तेव्हा काचा घासायला दुसराच कोणी बसला होता. हा नव्या शाखेवर निघून गेला होता आणि जाताना नंबर बदलून गेला होता. चिमणी परत आली आणि ट्रायलच्या पडद्याआड जाऊन बसली. त्या दिवशी गिऱ्हाइकांना ट्रायल देता आली नाही. वहिनी पडद्याबाहेरून म्हणाली, ‘रडून घे. नकचढीसुद्धा रडते. त्याशिवाय खरा येत नाही.’

त्यानंतर चिमणी आईशी कामापुरतंच बोलायला लागली. वहिनीला ते कळलंही नाही, कारण मालिका संपत आली होती.

शेवटच्या भागाच्या दिवशी वहिनीने दुकान लवकर आवरलं. आम्ही चौघंही तिथेच होतो. दादा दुसऱ्या दिवशीचं कापड आखत होता, चिमणी एका पँटची किनार दुमडत होती, मी बटणं लावत होते. टीव्हीवर नकचढी स्टेशनात उभी. फटफटी आला, ओरडला, पावसात भिजला. नकचढीने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे जाऊन शेजारच्याचा हात धरला. संपलं. नावं वर सरकायला लागली.

वहिनीने आधी लेखकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग मोबाईल तोंडाशी धरून ग्रुपला ऐकवायला लागली. ‘काहीही दाखवू देत! शेजारचा कच्चा टाका होता, आहे आणि राहणार!’

‘आई, पुरे,’ चिमणी म्हणाली. आवाज अगदी बारीक.

‘पुरे काय? अगं, नशीब समज. ती बिचारी नकचढी जन्मभर अडकली. तुझा तरी वेळेवर उसवला. मी होते म्हणून.’

दादाने कात्री टेबलावर ठेवली. कात्री जड असते, तिचा आवाज झाला. तो वहिनीसमोर येऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला वहिनीला उलटून बोलताना ऐकलं.

‘तुला एक सांगायचं राहिलंय,’ तो म्हणाला. ‘तुझ्याआधी माझ्या मनात एक होती. ती मिळाली नाही. तेवढ्यात तू जॅकेट घेऊन आलीस. म्हटलं, तोवर ही.’

‘तोवर?’ वहिनी हसत म्हणाली. तिला थट्टा वाटली.

‘कच्चा टाका,’ दादा म्हणाला. ‘काढायचा राहून गेला, एवढंच.’

टीव्हीवर जाहिरात लागली होती. वहिनीचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, कुठे ठेवावं ते तिला सुचेना. तिने लेकीकडे बघितलं. लेक काहीतरी बोलेल, ‘बाबा, काय हे’ म्हणेल, असं तिला वाटलं असणार.

चिमणी हसली. बाही निघाली त्या दिवशी हसली होती तशीच. ह्या वेळी मात्र तिने तोंडावर हात ठेवला नाही.

दादा चप्पल घालून घरी गेला. त्याच्यामागे चिमणी गेली. वहिनी मशीनसमोर बसून राहिली, चाकावर हात, चाक फिरवत नव्हती. मोबाईलवर ग्रुपमधल्या बायकांचे निरोप येऊन पडत होते. तिने एकही ऐकला नाही.

‘वन्सं,’ ती म्हणाली. मला तिने कित्येक वर्षांत ह्या नात्याने हाक मारली नव्हती. ‘तुम्हाला माहीत असेल. खरंच होती का कोणी?’

मला माहीत होतं. दादाच्या आयुष्यात कोणी नव्हतं. बायकांचं माप घ्यायचं तर तो मला बोलवायचा, इतका लाजाळू. आमच्या बाबांच्या हाताखाली तो कटिंग शिकला आणि त्याच्या हातून एक बोटभर कापड कधी वाया गेलं नाही. वाया गेलं ते एकदाच. एक मुलगी जॅकेट शिवायला आली, बाबांशी शिलाईच्या दरावरून हुज्जत घालून गेली, आणि तो दिवसभर रस्त्याकडे बघत कात्री चालवत राहिला. दोन डाव्या बाह्या. बाबांनी त्या त्याच्या तोंडावर फेकल्या तेव्हाही तो हसत होता. नंतर त्यानेच त्या उचलून ठेवल्या. अजून आहेत, त्याच्या खणात, कापडात गुंडाळून. आज तो जे बोलला ते लेकीसाठी बोलला. हे सगळं सांगायला मला किती वेळ लागला असता?

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या मागे खुंटीवर तो कोट लटकत होता, एका बाहीचा.

मी बटणाचा दोरा दाताने तोडला.

‘होती ना,’ मी म्हटलं. ‘शेजारची.’

आणि तिच्या पायाशी पडलेली कात्रणं झाडून घ्यायला लागले.