मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे म्हणे!

डॉक्टरांनी बायोप्सीचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "सुमनताई, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आहे. म्हणजे गालाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. तंबाखू किती वर्षं खाता?"

मी ताडकन उठले. "म्या? आमच्या घरात बाया तंबाखू खात न्हाईत, डॉक्टर!"

"दात कशाने घासता?"

"मिश्रीनं."

"आणि मिश्री कशाची करता?"

आता काय सांगणार, कप्पाळ! केजच्या बाजारातून तंबाखू आणायचा, तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, कुटून डबीत भरायचा. लग्न झाल्यापासून हे माझंच काम. तरी आमच्याकडे तंबाखू तो तंबाखू आणि मिश्री ती मिश्री. तंबाखू पुरुष खातात आणि पारावर पिचकाऱ्या मारतात. मिश्री बाया लावतात, आणि ते म्हणे दाताचं औषध!

माझं डोकं फिरतं ते इथेच. युसूफ वडगावच्या अलीकडे आमची वस्ती. तिथे मागे तपासणी शिबीर झालं होतं. टेबलामागच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "तंबाखू, गुटखा, दारू?" मी म्हणाले, "न्हाई." ती म्हणाली, "पुढे चला." जरा तोंड उघडा म्हणायला तिच्या काय बापाचं जात होतं? तेव्हा माझ्या गालात पांढरा चट्टा होता. दुखत नव्हता, म्हणून मीही बोलले नाही.

पुढे त्या जागी फोड आला. भाकरीबरोबर ठेचा खाल्ला की डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या म्हणाल्या, "मिश्री दाबून धर, जिरंल." मी धरली. आगीत तेल ओतलं, दुसरं काय.

डॉक्टरांनी नवऱ्याला आणि मला समोर बसवून समजावलं. तंबाखूतल्या विषाने पेशींना रोज इजा होते. शरीर ती रोज दुरुस्त करतं. वर्षानुवर्षं हे चाललं की कुठेतरी दुरुस्ती चुकते, आणि ती चुकलेली पेशी वाढायचं थांबतच नाही. पांढऱ्या चट्ट्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. तो कॅन्सर नसतो, पण त्याचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होऊ शकतं. "तेव्हाच मिश्री सोडून तपासून घ्यायला आला असता, तर बहुतेक इथवर आलंच नसतं," असं ते म्हणाले. मला असं रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त.

मी एकच विचारलं, "माझं बोलणं जाईल का?" मी भांडखोर बाई आहे. दीर बांधावर आला तर मी बोलायचे, रेशनवाल्याने माप मारलं तरी मीच. नवरा गरीब गाय. माझं तोंड गेलं असतं तर घराचं कुलूपच गेलं असतं.

"प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले.

गालाचा तुकडा काढला, मांडीची कातडी तिथे लावली. मग रेडिएशन, म्हणजे किरणांचे शेक. लाळ आटली, पाण्याचा घोट काट्यासारखा टोचायचा. पण बोलणं राहिलं, थोडं बोबडं. त्या डॉक्टरांचे उपकार मी फेडू शकत नाही. शेजारीण म्हणाली, "सुमनची जीभ वाचली, आता वस्तीचं काय खरं न्हाई!"

बायांनो, नीट ऐका. आरशासमोर, उजेडात, तोंड उघडून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा फोड, तोंड उघडायला त्रास, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर गाठा. दुखायची वाट बघू नका. आणि ती डबी उकिरड्यावर फेका.

घरी आले त्या दिवशी आत्याबाई चुलीपाशी तंबाखूच भाजत होत्या. मी तवा हिसकावून अंगणात उपडा केला. त्यांना उन्हात ओढत आणलं आणि म्हणाले, "आ करा." गालात पांढरा चट्टा होता, माझा होता तसाच.

दुसऱ्या दिवशी त्यांना जीपमध्ये कोंबून केजला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, तंबाखू खाता का?"

आत्याबाईंनी पदर सावरला. "न्हाई गं माय."

मी मागून शिवलेल्या तोंडाने ओरडले, "मिश्री लावती ती! तोंड बघा तिचं!"