आणखीबाई आणि बॉनेटवरचा मेव्हणा

डेपोतल्या आणखीबाई टायरच्या गोदामाशेजारच्या खोलीत भूत उतरवतात, ही बातमी आमच्या जिन्यात तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा तळमजल्यावरचं दूध अजून उतू जायचं होतं. पुरावा भक्कम होता. टायरवाल्यानं भिंतीला कान लावून स्वतः ऐकलं होतं. आत बाई विचारत होत्या, "मेव्हणा आज कुठं बसलाय?" आणि एक पुरुषी आवाज म्हणत होता, "बॉनेटवर. माझ्याकडेच बघतोय." डेपोनं लगेच दोन आणि दोन नऊ केले. या ड्रायव्हरनं म्हणे आपला मेव्हणा गाडीखाली घातला, आणि आता तो पिशाच्च होऊन फुकट प्रवास करतो.

खरं सांगायचं तर मेव्हणा ठणठणीत आहे. त्याचं पत्र्याचं दुकान आहे आणि तो दर रविवारी बहिणीकडे जेवायला येतो. खोलीतला मेव्हणा वेगळा. तो होता ड्रायव्हरची भीती. नावसुद्धा ड्रायव्हरनंच ठेवलेलं. "न बोलावता येतो, मऊ जागा बघून बसतो, उठायचं नाव घेत नाही. त्याला दुसरं काय म्हणू, ताई?"

भूत उतरवण्याशी बाईंचा संबंध एवढाच, की वीस वर्षं कंडक्टर असताना त्यांनी भल्याभल्या दारुड्यांना मधल्या स्टॉपवर उतरवलं होतं. पुढे उभं राहून राहून गुडघे बोलायला लागले, तशी बाईंनी टपालानं शिकून समुपदेशनाची परीक्षा दिली. पास झाल्या. डेपो मॅनेजरनं त्यांना हरवलेल्या सामानाची खोली दिली. अजूनही तिथं एका फळीवर सतरा बेवारस छत्र्या आणि एक कवळी आहे. समोर दोन खुर्च्या. भिंतीवर शून्यापासून दहापर्यंत आकडे मांडलेली एक पट्टी.

बाईंची शिकलेली पद्धत सोपी होती, म्हणून कुणाचा तिच्यावर विश्वास बसत नसे. माणूस वेगळा, त्याचं दुखणं वेगळं. दुखण्याला नाव द्या, समोर बसवा आणि मग त्याच्या खोड्या मोजा. ते कधी येतं हे सगळे विचारतात, ते कधी आलंच नाही ते शोधा. आणि उत्तर मिळालं तरी थांबू नका, विचारा, "आणखी?" माणूस म्हणायचा, संपलं. बाई म्हणायच्या, "बरं. आणखी?" त्यावरूनच आणखीबाई. घरी सासूबाई पोळी वाढताना मुद्दाम "आणखी?" म्हणून विचारत आणि उत्तराआधीच वाढून मोकळ्या होत.

ड्रायव्हरचं दुखणं आठ महिन्यांचं होतं. नदीच्या पुलावर सकाळी धुकं होतं. समोरून चुकीच्या बाजूनं ट्रक आला. त्याला चुकवताना गाडी कठड्याला धडकली, कठडा तुटला आणि पुढचं डावं चाक हवेत लोंबकळलं. मागच्या दारानं बेचाळीस माणसं एकेक करून उतरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून पूल दिसला की ड्रायव्हरचा पाय दगड व्हायचा. तो वीटभट्टीच्या रस्त्यानं अकरा किलोमीटरचा वळसा घालायचा. डेपोनं त्याचं नाव वळसेबुवा ठेवलं आणि गाडी पाण्यात घालणारा म्हणून त्याची ओळख करून दिली, जणू कठडा त्यानं दातानं तोडला होता.

आता वेळापत्रक बदलणार होतं. सोमवारपासून सगळ्या गाड्या पुलावरूनच. म्हणून शनिवारी चाचणी ठरली. पूल पार केला तर स्टिअरिंग हातात, नाहीतर कायमचं धुलाईच्या रॅम्पवर, गाड्यांच्या पोटाखाली पाण्याचा पाइप धरून. ड्रायव्हर एक्कावन्न वर्षांचा होता, सव्वीस वर्षं गाडीवर.

पहिल्या दिवशी बाईंनी पट्टीकडे बोट दाखवलं. "दहा म्हणजे मेव्हणा आपण बोलावू तेव्हाच येतो. शून्य म्हणजे तोच गाडी चालवतो. तुम्ही कुठं?"

"तीन."

"शून्य का नाही?"

ड्रायव्हर चिडला. "इथवर चालत आलो ना मी? शून्यावर असतो तर मेव्हण्यानं येऊ दिलं असतं?"

"म्हणजे पाय चालतो. आणखी?"

"आणखी म्हणजे तिसरा गिअर म्हणा. चौथा पडत नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांचा लाडका प्रश्न टाकला. समजा झोपेत चमत्कार झाला आणि मेव्हणा निघून गेला. तुम्हाला तर पत्ताच नाही. सकाळी कशावरून कळेल? ड्रायव्हर बराच वेळ छत्र्या मोजत बसला. मग म्हणाला, "बायको विचारेल, आज दारातून परत वळून का नाही आलात? हल्ली मी निघताना तीनदा परत येतो. पाणी पितो. उगाच."

तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "त्या दिवशी बेचाळीस माणसं उतरेपर्यंत तुम्ही काय करत होतात?"

"काय करणार? ब्रेक दाबून बसलो होतो."

"किती वेळ?"

"पाऊण तास असेल. म्हातारी माणसं होती, सामान सोडत नव्हती."

"पाऊण तास पाय सुटला नाही, हे ऐकून कुणाला मुळीच नवल वाटलं नसतं?"

ड्रायव्हर पहिल्यांदाच हसला. "वस्तादाला. गॅरेजमध्ये शिकत होतो तेव्हा त्यानं मला दुपारभर जॅकचा दांडा पायाखाली दाबून उभं केलं होतं. म्हणाला, तुझा पाय म्हातारा होईल, पण सुटायचा नाही."

बाईंनी ते वाक्य कागदावर ठळक लिहून त्याच्या खिशात कोंबलं. डेपोच्या तोंडी त्याची एक गोष्ट होती, ही दुसरी. दोन्ही खऱ्या. कुठली घेऊन स्टिअरिंगवर बसायचं ते त्यानं ठरवायचं.

पण गोष्टीनं पूल ओलांडता येत नाही. गुरुवार उजाडला. बाईंनी खोदायला सुरुवात केली. आठ महिन्यांत पुलावर मेव्हणा एकदाही आला नाही, असं कधी झालं? नाही. एकदाही? नाही म्हटलं ना, ताई. बरं, आणखी आठवा. ड्रायव्हर उठला, बसला, कवळीकडे रागानं बघितलं. मग थबकला.

"एकदा वीटभट्टीचा रस्ता खणला होता. जावंच लागलं."

"आणि?"

"पुलाच्या तोंडाशी स्टॉप आहे ना, तिथं एका म्हातारीनं उतरायला युगं लावली. दोन बोचकी, एक काठी, आणि तिसरं बोचकं आत विसरलेलं. मग डबल बेल झाली, पहिला गिअर टाकला, आणि ध्यानात आलं तेव्हा मी पलीकडे होतो."

बाईंनी वही ओढली. त्यांनी वहीत लिहिलं: थांबा. पहिला गिअर. पूल पार. "म्हणजे वेगात आलात की मेव्हणा चढतो. उभं राहून निघालात की त्याला चढता येत नाही."

"चालत्या गाडीतच चढतो तो. सवयच वाईट."

ठरलं. शनिवारी पुलाच्या तोंडाशी स्टॉपवर गाडी उभी करायची आणि तिथून निघायचं.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंचं घरात चित्त नव्हतं. त्यांचा नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करतो. तेलकट हात पुसत तो म्हणाला, "तू आज कितीवर आहेस?"

"शून्यावर."

"उणे एक का नाही?"

"गप्प बसा हो. त्याचं सगळं आयुष्य चाकावर गेलंय. उद्या पाय अडकला तर सोमवारपासून टायरवाला त्याला पाण्याचा पाइप देईल आणि वर दात काढेल."

"मग तू काय करणार?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "तेच तर अवघड आहे."

खरंच होतं ते. चाचणीच्या कागदावर लिहिलेलं होतं की ड्रायव्हरशी कुणीही बोलायचं नाही, आणि कारण नसताना गाडी तीन मिनिटं उभी राहिली तर तो अपात्र. बाईंनी साक्षीदार म्हणून त्याखाली सही केली होती. शिवाय पुस्तकात शिकलेलंही होतं: माणसाला ढकलायचं नाही, त्याची वाट त्याची त्याला सापडू द्यायची.

शनिवारी नऊ वाजता रिकामी गाडी निघाली. चाचणी घेणारे तपासनीस साहेब पुढच्या सीटवर बसले. त्यांच्या मांडीवर कागद होता, पेनाचं टोपण लावलेलं. बाई पाय नेतील तिथं गेल्या आणि कंडक्टरच्या जागेवर बसल्या. वर घंटीची दोरी लोंबत होती. बाजार गेला, शाळा गेली, उतार आला. ड्रायव्हरची मान ताठ होती. पूल दिसला तशी बाईंनी सीटची कड घट्ट धरली.

गाडी हळू झाली. स्टॉपवर अगदी खुणेवर उभी राहिली. दार उघडलं. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. दार मिटलं.

गाडी हलेना.

इंजिन गुरगुरत होतं. समोर पूल, पुलाच्या मध्यावर नव्या कठड्याचा पांढरट तुकडा, जुन्या दातांत बसवलेल्या नव्या दातासारखा. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. एक मिनिट. आला, त्यांच्या मनात आलं, मेव्हणा आलाच. बसला बॉनेटवर. आपण चुकलो. त्यांना ओरडावंसं वाटलं, अहो पाय उचला, वस्ताद काय म्हणाला होता! त्यांनी जीभ चावली. ढकलायचं नाही. त्याची वाट त्याला सापडू दे. दीड मिनिट. मागे एक टेम्पो येऊन हॉर्न वाजवू लागला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

दोन मिनिटं. बाईंनी आरशात बघितलं. आरशात ड्रायव्हरचे डोळे होते. त्यात भीती नव्हती, धुकं नव्हतं, पाण्यात घातलेली गाडी नव्हती. डोळे बाईंच्या डोक्याच्या थोडं वर बघत होते, आणि भुवया कपाळात गेल्या होत्या. असल्या भुवया बाईंनी वीस वर्षं बघितल्या होत्या. सुट्टे पैसे शोधत बसणाऱ्या कंडक्टरकडे ड्रायव्हर बघतो तशा.

बाईंना तरीही कळेना! अडीच मिनिटं. साहेबांचं पेन कागदाला टेकलं.

ड्रायव्हरशी कुणी बोलायचं नाही असं कागदावर होतं. ड्रायव्हरनं बोलायचं नाही असं नव्हतं. समोरून खेकसणं आलं, "ताई, घंटी काय तुमचा चमत्कार येऊन देणार आहे?"

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात त्यांना आपली वही दिसली. थांबा, पहिला गिअर, पूल पार. आणि मधली डबल बेल? ती त्यांनी लिहिलीच नव्हती. जन्मभर जी गोष्ट स्वतःच्या हातानं केली, ती कोण वहीत टिपून ठेवतो? त्याचं सगळं ऐकलं, आणि आपलं तेवढं गाळलं. सव्वीस वर्षांत हा माणूस स्टॉपवरून घंटीशिवाय हलला नव्हता, आणि बाई दोरीखाली मठ्ठासारख्या बसून धीर धरत होत्या!

हात वर गेला. ठण ठण.

ड्रायव्हरचा पाय उचलला गेला. पहिला गिअर. गाडी पुलावर चढली. दुसरा. मध्यावर, त्या पांढरट कठड्याजवळ, गाडी जराशी अडखळली. साहेबांनी मान वर केली. बाईंनी दोरी दोन्ही हातांनी धरली होती, पण ओढली नाही. ड्रायव्हरनं बॉनेटकडे बघितलं, कुणाला तरी सरक म्हणावं तसा डावा हात झटकला आणि तिसरा टाकला. मग चौथा. पलीकडचं वडाचं झाड मागे पडलं तेव्हा त्यानं बाजूला घेऊन गाडी थांबवली, खाली उतरला आणि चाकाला टेकून खूप वेळ उभा राहिला.

साहेब मात्र कागदात अडकले होते. एका रकान्यात प्रश्न होता, गाडी पुढं नेण्यास बाहेरची मदत लागली काय? साहेब नियमाचे पक्के. पेन अधांतरी धरून त्यांनी बाईंना खिडकीतून हाक मारली. "बाई, तुम्ही घंटी दिलीत. ही मदत धरायची की नाही? खरं सांगा, गाडी पुलावरून त्यानं आणली की तुमच्या घंटीनं?"

ड्रायव्हरनं मान वर केली. त्याचं स्टिअरिंग त्या पेनाच्या टोकावर होतं. आता तो त्याच पुलावरून दिवसाला सहा फेऱ्या मारतो आणि टायरवाला त्याला बुवा न म्हणता दादा म्हणतो, तेव्हा साहेबांनी काय लिहिलं ते उघड आहे. पण लिहिण्याआधी बाई जे बोलल्या, ते जिन्यात अनेक रंग लावून फिरतं आहे. मूळ एवढंच होतं:

"साहेब, वीस वर्षं मी घंट्या दिल्या. घंटीनं गाडी जात असती, तर तुम्ही ड्रायव्हर कशाला ठेवले असते? आणि मी तर आज तीही उशिरा दिली."