विमलताई आणि हरवलेले आठ

मे महिन्यातली दुपार, दिवेआगरला आमची पडवी... आणि विमलताई बेरिलिअमवर भडकलेल्या. हो, बेरिलिअमवरच. मूलद्रव्यांच्या तक्त्यात चौथ्या नंबरवर असतं ते.

विमलताई शेजारच्या वाडीत नारळ सोलायला आणि मोजायला असतात. वय अडतीस. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसल्या, बाकीचे विषय सुटले, विज्ञान मात्र दोनदा राहिलं.

जुलैत पुन्हा पेपर होता. त्यात गावच्या शाळेत प्रयोगशाळा मदतनिसाची जागा निघणार होती, अट दहावी पास. "सोलून सोलून मनगट गेलंय माझं. औंदा राहिलं तर परत फॉर्म भरायची न्हाय," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

मी रिटायर होईपर्यंत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होतो, आता चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. त्यामुळे गावात विज्ञानाचं काहीही अडलं की माझ्याकडे पाठवतात. मे संपत आला की टुरिस्टही पांगतात, म्हणून म्हटलं, या शिकायला.

पहिल्या वीस मूलद्रव्यांचे अणुवस्तुमानांक म्हणजे पोरांना डोकेदुखी. माझ्याकडे त्यासाठी एक युक्ती आहे, मला तिचा जरा गर्वच होता... अणुअंक सम असेल तर दुप्पट करा, विषम असेल तर दुप्पट करून एक मिळवा. कार्बन सहावा, त्याचे बारा. सोडिअम अकरावा, त्याचे तेवीस. हायड्रोजन, बेरिलिअम, नायट्रोजन आणि अरगॉन हे चार अपवाद, तेवढे पाठ करायचे. झालं काम!

विमलताईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचंच काहीतरी घेऊन आल्या. वहीत फक्त सम नंबरवाली मूलद्रव्यं लिहिलेली. हेलिअम चार, कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा, निऑन वीस, मॅग्नेशिअम चोवीस, सिलिकॉन अठ्ठावीस, सल्फर बत्तीस.

"भाऊ, ही तर आमची नारळाची मोजणी हाय!"

आता हे सांगायला हवं. आमच्याकडे सोललेले नारळ शेंडीला धरून मोजतात, एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन. चार नारळांची एक फेक. पहिल्या फेकीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार... पंचवीस फेकी झाल्या की शंभर नारळ.

म्हणजे बाईंनी हेलिअमला लाभ केलं होतं आणि पुढे चार-चार टाकत थेट सल्फरपर्यंत गेल्या होत्या. मी इतकी वर्षं लॅबमध्ये काढली, मला हे कधी असं दिसलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, थोडा जळलोच.

पण दुसरी फेक गायब होती. आठ. तिथे पुस्तक म्हणतं बेरिलिअम, नऊ. मोजणाऱ्याने एक फेक गिळली की वाडीत ढीग पुन्हा पहिल्यापासून मोजतात. त्या शिस्तीने बाईंनी सगळा तक्ता तीनदा मोजला होता, आणि शेवटी पुस्तकातला नऊ बॉलपेनने खोडून तिथे ठसठशीत आठ करून ठेवला होता!

मी म्हटलं, "अहो विमलताई, अपवाद आहे तो. पाठ करा आणि सोडा."

"असं सोडूनच दोनदा राहिले न्हवं? जे पटत न्हाय ते पेपरात आठवत न्हाय मला. तुम्ही सांगा, आठ गेले कुठं?"

आणि मला माहीत नव्हतं. एवढं आयुष्य केमिकलच्या वासात गेलं, पण हा प्रश्न कधी पडलाच नव्हता... मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मोबाईल काढला आणि तिथेच बसून वाचलं. हेलिअमची दोन अणुकेंद्रकं एकत्र आली की आठ होतात खरे, पण टिकत नाहीत. पापणी लवायच्या कितीतरी आधी पुन्हा चार आणि चार. म्हणून निसर्गात टिकून राहिलेलं बेरिलिअम आहे ते नऊचं. आणि ताऱ्यांच्या पोटात कार्बनचे बारा व्हायचे तर आठ फुटायच्या आत तिसरे चार येऊन चिकटावे लागतात.

मी जसं वाचलं तसं सांगितलं. विमलताई उठल्या, अंगणातल्या ढिगातले नारळ घेऊन एका हातात चार आणि दुसऱ्या हातात चार शेंड्या धरायला गेल्या. उचलले मात्र... धाडधाड सगळे खाली, एक तर माझ्या पायावर.

"हां! आठ ऱ्हातच न्हाईत. मग बरोबर हाय पुस्तक." खाली बसल्या आणि मुकाट्याने पुन्हा नऊ लिहिले.

त्या दिवसानंतर त्यांनी माझं जिणं हराम केलं. लोखंड गंजतं तर सोनं का नाही, भिंगातून उलटं का दिसतं, प्रत्येक पानावर 'का'. आदल्या दिवशी स्वतः वाचून ठेवल्याशिवाय पडवीत बसायची माझी टाप नव्हती!

पेपरात बेरिलिअम आलंच नाही. पण काल निकाल लागला. विज्ञानात एकेचाळीस. विमलताई फोनवर नुसतं "भाऊ... भाऊ..." करत रडत होत्या. सोमवारी शाळेत अर्ज द्यायला मी सोबत जातोय.

लोक म्हणतायत, भाऊंनी शिकवलं म्हणून पास झाली. चूक. मी 'अपवाद' म्हणून जिथून कायम पुढे निघून जायचो, तिथे ही बाई ठाण मांडून बसली. साठीनंतर मला पुन्हा अभ्यासाला बसवलंत, विमलताई... तुमचे उपकार आहेत.