मी छापलेली हेमाताई

फोन आला तेव्हा मी बोईसरला छापखान्यात उभी होते. नव्या पत्रकाचे गठ्ठे बांधून होत होते. नंबर अनोळखी. पलीकडून एक तरुण बाई म्हणाली, "सासूच्या फोनात 'पत्रकवाली' म्हणून नंबर हाय. तुमीच काय त्या?" मी हो म्हटलं. "मी नयना, दातिवऱ्याची. हेमाबायची सून. सासू गेली परवा. डोक्यात रक्त सांडलं म्हणाले डाक्टर. सगल्या नंबरांना कळवते, म्हणून तुमालाबी." सगळ्या नंबरांना... म्हणजे मला मुद्दाम नव्हे, यादीत होते म्हणून. मी काय बोलले ते आठवत नाही. छापखान्याचे काका विचारत होते, मथळा पुरेसा जाड आहे का ते एकदा बघून घ्या. मी बघून घेतला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की बातमी ऐकताक्षणी माझ्या पायाखालची जमीन वगैरे सरकली. नाही सरकली. ती सरकायला बाराव्याचा दिवस उजाडावा लागला.

मी बोईसरजवळच्या कुंभवलीची. वडील सांगलीकडून इथल्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. वास यायला लागला की खिडक्या लावून घ्यायच्या, हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. कॉलेजपासून पत्रकं लिहिते आहे. खाडीत सोडलेलं पाणी, कंत्राटी कामगारांची तुटलेली बोटं, मेलेली मासळी. पत्रकाचं एक शास्त्र असतं. वर एक चेहरा, त्याखाली एक वाक्य, शेवटी एक मागणी. दोन मागण्या केल्या तर लोक त्या कागदात भेळ खातात, असं आमच्या गटातले थोरले सांगायचे. मासळीच्याच एका पत्रकासाठी दातिवऱ्याला गेले होते, तेव्हा हेमाताई भेटली. वय चाळीशीच्या पुढे, नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर बोट वळावी. मला चहा देत म्हणाली, "तू लिवतेस मोठं, पण बसतेस मात्र दारात. आत ये गो, आमी चावत नाय."

पुढे तिनंच सांगितलं की ती आता कॉम्प्युटरच्या कामाला जाते. मला खरं वाटेना. आयटी म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर पुण्याच्या काचेच्या इमारती येतात, गळ्यात पट्टा अडकवलेली मुलं येतात. आमच्याकडे आयटी आली ती पालघरला एका औषधाच्या दुकानाच्या वर, एका लांबट खोलीत. बावीस बाया. केळव्याच्या, दातिवऱ्याच्या, काही पालघरातल्याच. त्यांच्यासमोर पडद्यावर कुठल्या कुठल्या देशांतली चित्रं यायची आणि त्यातल्या एकेका वस्तूभोवती त्यांनी चौकट आखायची. हा माणूस, हे कुत्रं, ही गाडी. अशी लाखो चित्रं खाऊन यंत्राला म्हणे दिसायला लागतं. पैसे चित्रामागे ठरलेले, आणि तो दर कमीच होता. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. ज्या यंत्रांच्या जोरावर देश पुढे चालल्याची भाषणं होतात, त्यांचे डोळे कुणी उघडले ते कुठल्याच भाषणात येत नाही.

मी बघायला गेले. दुपारच्या सुट्टीत हेमाताई आणि मी जिन्यात बसलो होतो, बाकीच्या वर डबे खात होत्या. तिनं सगळं नीट सांगितलं. मान धरते. स्टुलांना पाठ नाही. चूक निघाली तर चित्रांची अख्खी बॅच परत येते आणि तिचे पैसे नाहीत. "तू लिव. पाठवाल्या खुर्च्या पायजेत, न् बॅच परत आली तर जेवडी बरोबर तेवडीचे तरी द्या. एवडंच लिव. काम चांगलं हाय. पंख्याखाली बसून हाय. माज्या नावाचा पासवर्ड हाय, आजवर माज्या नावाचं दुसरं काय होतं सांग." मी विचारलं, चूक कशी निघते? तर तिला आठवूनच हसू फुटलं. एका चित्रात कुठल्यातरी गोऱ्या माणसाच्या घरामागे दोरीवर मोजे वाळत घातले होते. सुपरवायझरनं शिकवलेलं, खायची वस्तू असेल तर हिरवी चौकट. दातिवऱ्याच्या सगळ्या बायांनी एकमतानं हिरवी चौकट मारली. बोंबील. आपल्याकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टांगतात, अगदी तसेच ते मोजे. "त्यो सुपरवायझर बिचारा डोक्याला हात लावून, 'दीदी, ये मोजे है.' मी म्हटलं, दादा, मोजे जोडीनं टांगायला त्यांना काय ते पलून जातील अशी भीती हाय?" एवढं बोलून ती जी हसायला लागली... डोळ्यांतून पाणी, पदर डोळ्यांना, खांदे गदगदताहेत. मी फोन काढून फोटो घेतला. न विचारता. छानच आला होता.

तोच फोटो मी पत्रकावर टाकला. पदरात डोळे पुसणारी कोळीण. त्याखाली जाड अक्षरात: 'आमचे डोळे घेऊन यंत्रांना दृष्टी!' शेवटी मागणी: 'ही डिजिटल वेठबिगारी बंद करा.' खुर्च्या नाहीत, परत आलेली बॅच नाही. एक चेहरा, एक वाक्य, एक मागणी. मला माहीत होतं की ती हसत होती. हे मी आजवर गटातही कुणाला बोलले नाही. चुकून झालं नव्हतं. मी फोटो पाहिला, मला रडणं दिसलं, आणि रडणं कामाचं होतं.

पत्रक गाजलं. कुणी पुढारी खोलीत जाऊन आला, कुणी बातमी केली. ज्या कंपनीचं काम होतं तिला कटकट नको होती. महिन्याभरात काम दुसरीकडे गेलं आणि बावीस जणींना ग्रुपवर एक मेसेज आला की उद्यापासून येऊ नका. आमच्या पुढच्या पत्रकात एका कोपऱ्यात छापलं होतं: 'आपला विजय.' तेही मीच लिहिलेलं. हेमाताईचा एकदाच फोन आला. म्हणाली, "पोरी, बंद करा असं मी बोलली नव्हती." मी म्हणाले, "ताई, चळवळीत असं होतं. जरा व्यापक बघायला हवं." मग म्हणाली, "बरं... जेवलीस काय?"

त्यानंतर दोन वर्षांत ती मला एकदा दिसली. केळव्याला, रविवारी, मुंबईच्या पाहुण्यांना सुकी मासळी विकत होती. मी सुरूच्या झाडांमागून दुसऱ्या वाटेनं गेले. कारखान्यांच्या गेटवर सुरक्षारक्षकांच्या काठीसमोर उभी राहिलेली मी, एका टोपलीसमोर उभी राहू शकले नाही.

बाराव्याला गेले. ओटीवर बाया बसल्या होत्या, त्यातल्या सात-आठ त्या खोलीतल्या. मी कोण ते सांगितल्यावर कुणी जागा दिली नाही, कुणी जा म्हटलंही नाही. मी उभ्यानंच बोलले. काम बंद करा असं हेमाताई म्हणाली नव्हती. खुर्च्या मागितल्या होत्या तिनं. आणि फोटोत ती रडत नव्हती, मोज्यांची गोष्ट सांगून हसत होती. मोजे म्हटल्यावर एकीच्या तोंडून फस्सकन हसू बाहेर पडलं आणि तिनं लगेच तोंडाला हात लावला. मग त्या हाताआडच ती रडायला लागली.

कमळाबाय म्हणून थोराड बाई होती, ती हळूहळू बोलली. "आमाला वाटलं, हिनंच तक्रार केली. फोटू हिचा, मंग दुसरं कोन? दोन वरसं ती पान्यावर आली का आमी हांडे उचलून चालू लागायचो. हलदीकुंकवाला बोलावली नाय. आन् ती एक डाव तुजं नाव घेत नाय. का गो?"

मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मंग तू काय करत हुतीस दोन वरसं?"

"पत्रकं लिहीत होते," मी म्हणाले. यापेक्षा खरं काही नव्हतं.

"मंग हेबी लिव. तेवड्याच जाड अक्षरांत."

जाड अक्षरं वर्तमानपत्राच्या पुरवणीवाले देत नाहीत, म्हणून मी हे लांबलचक लिहिते आहे. मी तिला मारलं असं म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे तिचं आणखी एक पत्रक करणं. तिचा रक्तदाब तिचा होता. पण शेवटची दोन वर्षं ती आपल्याच आळीत एकटी राहिली, ती माझ्यामुळे.

निघताना नयनानं आत बोलावलं. तेव्हा कळलं की काम गेलंच नव्हतं, खोली तेवढी गेली होती. तेच काम आता फोनवर मिळतं, घरबसल्या, आधीपेक्षाही कमी दरात. हेमाताई शेवटपर्यंत ते करत होती. चुलीच्या भिंतीला टेकून बसायची, समोर भिंतीवर वहीचं पान चिकटवलेलं. सुनेसाठी तिनं चित्रांतल्या इंग्रजी वस्तूंची यादी लिहून ठेवली होती, मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरांत. 'स्ट्रोलर - पोराची ढकलगाडी. पोर नसलं तरी गाडी धरायची.' 'हायड्रंट - रस्त्यातला लाल नल. यातून कोन पानी भरत नाय.' 'स्नोमॅन - मानूस नाय. फसू नको.' कोपरे धुरानं पिवळे झालेले. नयना त्याच पानाखाली बसली आणि फोनवर चौकटी आखायला लागली.

मी विचारलं, "तुला काय हवंय? काय लिहू सांग. तू सांगशील तेवढंच लिहीन."

तिनं मान वर केली नाही. "आता काय नको लिवू," ती म्हणाली. "बॅच चालू हाय. बस जरा. ही संपली का सांगते."

मी बसले. बॅच मोठी होती.