एक किलोच्या आतलं अंथरूण

दोंडाईच्याचा हिवताप कर्मचारी भाईदास याला डोंगर फार आवडायचा, फक्त त्याच्या पाठीला तो मानवत नसे. दर थंडीत तोरणमाळच्या बाजूच्या पाड्यांवर आठ दिवस पायी फिरायचं, बोटं टोचून काचपट्ट्यांवर रक्ताचे नमुने घ्यायचे आणि दिवस मावळेल तिथे मुक्काम करायचा, हे त्याचं काम. या आठ दिवसांची तो वर्षभर वाट बघायचा. पण एक्क्याण्णव साली दुसऱ्याच सकाळी त्याला जमिनीवरून उठता येईना. चौघांनी झोळीत घालून खाली आणलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "पुढची फेरी पुरी झाली नाही, तर तुमची बदली धुळ्याला, कचेरीतल्या टेबलावर."

टेबलाच्या धास्तीने भाईदास कामाला लागला. थंडी वरून नाही, खालून येते, हे त्याचं निदान. पिशवीत औषधं, स्पिरिट, तांदूळ गेल्यावर अंथरुणाला फक्त एक किलो उरत होता. बायकोने, लिलाबाईने, गोधडी पुढे केली. याने ती सरळ ताणकाट्याला टांगली. साडेचार किलो.

"मनी मायनी शिवेल गोधडी शे, भाजी नही," लिलाबाई म्हणाली, आणि दोन दिवस बोलली नाही.

मग त्याने पन्नालालशेठचं दुकान धरलं. खिशात ताणकाटा घेऊन तो सहा वेळा गेला. चटई, ताडपत्री, हवेची गादी, एकेक वस्तू घरी न्यायची आणि परत आणायची. पारख करायची तर तेवढी थंडी गावात कुठली? त्याचाही उपाय त्याने काढला. बर्फाच्या कारखान्यात त्याचा मित्र हिलाल कामाला होता. तिथे बर्फाच्या लाद्या मांडून त्यांवर अंथरूण टाकायचं आणि उताणं पडायचं. चटई पाच मिनिटं टिकली. हवेची गादी आठशे ग्रॅमची म्हणून तो हरखला होता, पण आतली हवाच गार पडली आणि हा दात वाजवत उठला.

"लोके बर्फवर मासा ठेवतस," हिलाल म्हणाला. "तू सोतालेच ठेवी राहिना."

गादी परत करायला भाईदास सातव्यांदा दुकानात गेला. पौषातली सकाळ, खाली शहाबादी फरशी, आणि शेठ मात्र मांडी घालून निवांत बसलेले. भाईदासची नजर तिथेच अडकली.

"शेठ, जरा उठता का?"

शेठच्या गादीखाली नव्या फ्रिजभोवती गुंडाळून आलेला पांढरा फोम होता, बोटभर जाड, दुहेरी घडी घातलेला. भाईदासने काटा काढला. साडेसातशे ग्रॅम.

"घेऊन जा," शेठ हात जोडून म्हणाले. "पण हा काटा पुन्हा माझ्या दुकानात काढू नका."

त्या दुपारी बर्फावर पडल्या पडल्या त्याने दोन कप चहा घेतला आणि पाठ कोमटच राहिली.

डोंगरात पहिल्याच पाड्यावर यजमानांनी खाट पुढे केली. पाहुणा जमिनीवर झोपला तर घराला कमीपणा येतो. एवढं बर्फावर लोळून आता खाट! भाईदास ओशाळला, पण खाटेच्या सुतळीतूनही वारा खालूनच लागतो हे कळल्यावर त्याने तिच्यावरच फोम अंथरला. आठही दिवस पाठ गप्प राहिली. पुढच्या सालची फेरीही डॉक्टरसाहेबांनी त्याच्याच नावावर लिहिली.

तो पेढे घेऊन थेट दुकानात गेला. तिथे शेठच्या पत्नी मोहनबाई बसल्या होत्या.

"शेठ?"

"घरी. आठ दिवस झाले कंबर धरली आहे. फरशीचा गारवा बाधला."

फोमचं नावही त्यांनी काढलं नाही, आणि तेच भाईदासला जास्त लागलं. खांद्यावरची गुंडाळी त्याने खाली ठेवली. सगळा फोम परत द्यावा तर धुळ्याचं टेबल, न द्यावा तर ही कंबर. शेवटी त्याने कात्री मागितली आणि फोम बरोबर मधोमध कापला. एक तुकडा गादीखाली सरकवला, दुसरा फरशीवर टाकून त्यावर आडवा झाला. खांद्यापासून कंबरेपर्यंत नीट पुरला. पाय बाहेर राहिले, पण पायांनी कधी तक्रार केली नव्हती.

उठताना त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"काढा," मोहनबाई म्हणाल्या. "ते घरी आहेत."

काटा पावणेचारशेवर थांबला. अर्ध्या वजनात भागतं हे आपल्याला आधीच का सुचलं नाही, याचं भाईदासला शेठच्या कंबरेपेक्षा जास्त वाईट वाटलं, आणि मग त्याचीच लाज वाटून तो पेढे घेऊन शेठच्या घराकडे निघाला.